वाऱ्याला डिस्कचं पोट दाखवू नका

हवामानाचं ॲप ताशी २० मैलांच्या वर वारा दाखवत असेल, तर घरून निघायच्या आधी मी पिशवीतल्या डिस्क गोल्फच्या चार डिस्क काढून दाराशी ठेवते. दोन हलक्या, १५५ ग्रॅमच्या आसपासच्या. दोन जुन्या, झाडांवर आपटून आपटून कडा मऊ झालेल्या. एरवी याच चौघी माझ्या लाडक्या. माझा हात संथ आहे, आणि संथ हाताची डिस्क हलकी नि मवाळ असली तरच जरा लांब जाते. पण वारा सुटला की त्या माझं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. पिशवीत असल्या की हात जातोच, म्हणून त्या घरी.

मी कॅन्ससमध्ये विचिटाला राहते. विमानांचे सुटे भाग तपासायची नोकरी आहे. शनिवारी सकाळी दीड तास गाडी हाकत एम्पोरियाला जाते, डिस्क गोल्फ खेळायला. एम्पोरिया हे चोवीसेक हजार वस्तीचं गाव, पण या खेळाची पंढरीच म्हणा. २०१६ आणि २०२२ची जागतिक स्पर्धा इथेच झाली. पॉल मॅकबेथने आपलं सहावं जागतिक विजेतेपद २०२२मध्ये इथेच घेतलं. आणि गाव वसलंय फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांत, जिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. वसंतात दक्षिणेकडून वारा सुरू झाला की दिवसचे दिवस थांबत नाही.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी हाताने फेकायची प्लास्टिकची डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लोंबणारी लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये घालायची. कॅलिफोर्नियात एड हेड्रिकने १९७५मध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, तिथून हे सुरू झालं.

वारा मला नवा नव्हता. माझं माहेर पाटण तालुक्यात, सडावाघापूरच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात तिथल्या कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर उडवतो. लोक आता तो उलटा धबधबा बघायला गाड्या भरून येतात. त्यामुळे कॅन्ससच्या वाऱ्याचं मला कोण कौतुक सांगणार, अशा तोऱ्यात मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये जोन्स पार्कात उभी राहिले. समोरून वारा. मी म्हटलं, वारा जोरात तर आपणही जोरात. सगळी ताकद लावून ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, फेकला. डिस्क तीस-चाळीस पावलं सरळ गेली, मग उजवीकडे कलंडली, पालथी झाली आणि थेट तळ्यात. दुसरी काढली, आणखी जोर लावला. ती पहिलीच्याही आधी कलंडली. तिसरीचं सांगत नाही.

जोर वाढवला की बिघडतं, हे कळायला मला एक पूर्ण मोसम लागला. तुम्हाला तो लागू नये म्हणून हे लिहितेय. यातलं डावं-उजवं मी उजव्या हाताने, बॅकहँड फेकणाऱ्यांसाठी लिहिलंय. बॅकहँड म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकणं. डावखुऱ्यांनी ते आरशात वाचावं. माझा नवरा डावखुरा आहे आणि दर वेळी हिशोब उलटा करावा लागतो म्हणून कुरकुरतो, तरी माझ्यापेक्षा बरं खेळतो.

आधी एक हिशोब

डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही. अंगावरून हवा किती वेगाने जाते, तेवढंच कळतं. माझ्या हातून डिस्क ताशी साधारण ४५ मैलांनी सुटते. समोरून २० मैलांचा वारा असेल तर डिस्कच्या लेखी वेग ६५. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर २५. आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणजे समोरच्या वाऱ्यात डिस्कवर नेहमीच्या दुपटीहून थोडा जास्त जोर, आणि पाठीमागच्या वाऱ्यात नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्याच हातातली तीच डिस्क. एकदा दुप्पट, एकदा तृतीयांश. हा फरक डोक्यात बसला की पुढचं निम्मं आपोआप सुचतं.

उजव्या हाताची बॅकहँड डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने ढकललं तर तो भलत्याच बाजूला कलतो, तसंच हिचं. हवेचा वेग जास्त असला की ती उजवीकडे कलते, याला टर्न म्हणतात. वेग उतरला की डावीकडे कलून खाली येते, तो फेड. समोरचा वारा टर्न वाढवतो, पाठीमागचा वारा फेड लवकर आणतो. माझ्या तिन्ही डिस्क तळ्यात का गेल्या, त्याचं उत्तर एवढंच. जेवढा जोर वाढवला तेवढा हवेचा वेग वाढला आणि तेवढा टर्न वाढला.

समोरून वारा

ताकद कमी करा. ज्या डिस्कने एरवी पूर्ण जोर लावता, तिच्याऐवजी जरा हट्टी डिस्क घ्या आणि पाऊण जोराने, खाली, सपाट फेका. हट्टी म्हणजे ओव्हरस्टेबल: जी उजवीकडे कलायला तयार होत नाही. बहुतेक डिस्कवर किंवा तिच्या माहितीत चार आकडे असतात: वेग, तरंगणं, टर्न, फेड. तिसरा आकडा शून्याच्या जवळ आणि चौथा मोठा, अशी डिस्क हवी. मी एरवी मिडरेंजला, म्हणजे मधल्या पल्ल्याला, बझ नावाची डिस्क वापरते, ५, ४, -१, १. समोरून वारा असला की तिच्या जागी झोन काढते, ४, ३, ०, ३. वारा नसताना माझ्या हातातली झोन लगेच डावीकडे मान टाकते. २० मैलांच्या वाऱ्यासमोर तीच शहाण्यासारखी सरळ जाते.

इथे एक सावधगिरी. इंटरनेटवर तरणी पोरं सांगतात की वाऱ्यात १२-१३ वेगाचे ओव्हरस्टेबल ड्रायव्हर काढा. ती ताशी ६५-७० मैलांनी फेकतात. तुमचा हात माझ्यासारखा असेल तर त्या डिस्क वाऱ्यातही डावीकडेच पडतील, शिवाय त्यांची कडा इतकी रुंद की पकड धड बसत नाही. ९ वेगाच्या पुढे मी जात नाही आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

वजन मात्र वाढवा. आजी खळ्यावर तिपाईवर उभी राहून उपणायची, तेव्हा सुपातून एकाच उंचीवरून पडलेल्या धान्यातले दाणे पायाशी पडत आणि भुसकट लांब उडून जाई. डिस्कचंही तेच. १५५ ग्रॅमची भुसकटाच्या बाजूची, १७५ची दाण्याच्या. आणि डिस्क नवी, कडक घ्या. आपटून झिजलेली डिस्क दिवसेंदिवस मवाळ होत जाते. शांत हवेत ते चालतं, समोरच्या वाऱ्यात ती पहिली पालथी होते.

आता नाक. डिस्कची पुढची कडा म्हणजे नाक. समोरच्या वाऱ्यात नाक जरा जरी वर असलं तरी वारा पोटाखाली घुसतो, डिस्क वर वर चढते, तिथे दम तोडते आणि मागे येते. तो आमचा उलटा धबधबाच. नाक खाली ठेवायला मी दोन गोष्टी करते. एक, पकडताना मनगट किंचित खाली वळवलेलं ठेवते, किटलीतून चहा ओतताना असतं तसं. दुसरी, पुढच्या पायावर वजन आल्याशिवाय डिस्क सोडत नाही. मागे रेलून फेकलं की नाक वर गेलंच म्हणून समजा. उंची डोक्याच्या फार वर नको. जमिनीलगत वारा संथ असतो, वर गेलात की तो वाढतो.

बाजूचा वारा

सगळ्यात जास्त फेकी इथेच फसतात. समोरचा वारा निदान कळतो तरी. बाजूचा वारा डिस्क निम्म्या वाटेवर जाईपर्यंत गप्प असतो आणि मग तिला कडेवर घेऊन निघून जातो.

मी डिस्कला पाठ आणि पोट आहे असं मानते. वरचा फुगीर भाग पाठ, खालचा खोलगट भाग पोट. वारा पाठीवर आदळला तर डिस्क दाबली जाते, लवकर खाली बसते. पोटात शिरला तर उचलून नेतो, आणि किती नेईल ते त्याच्या मर्जीवर. म्हणून नियम एकच: वारा ज्या बाजूने येतोय, ती कडा खाली. हा नियम डावखुऱ्यांनाही जसाच्या तसा लागू, आरसा नको.

डावीकडून वारा असेल तर आपलं काम सोपं. डावी कडा खाली झुकवून फेका, म्हणजे हायझर. पाठ वाऱ्याकडे जाते, वारा उजवीकडे ढकलत असतो, डिस्क स्वतः डावीकडे वळू बघते, आणि दोघांच्या भांडणात ती बऱ्यापैकी सरळ जाते. लांबी कमी पडते, ते गृहीत धरून वेगाने एक पायरी वरची डिस्क घ्या.

उजवीकडून वारा हा माझा शत्रू. आपली नेहमीची फेक शेवटी डावीकडे कलतेच, म्हणजे नेमक्या शेवटच्या टप्प्यात पोट वाऱ्याकडे होतं. वेग संपलेली, पोट उघडं पडलेली डिस्क वारा कुठल्या कुठे घेऊन जातो. याचा खरा इलाज फोरहँड: तळहात पुढे ठेवून, अंगाच्या उजव्या बाजूने, मनगटाच्या झटक्याने फेकायचं. तिथे फिरकी उलटी, त्यामुळे उजवी कडा खाली ठेवून फेकता येतं आणि डिस्क वळतेही वाऱ्याच्याच दिशेला, म्हणजे उजवीकडे. मला फोरहँड दोनशे फुटांपर्यंत कधीच गेला नाही; दीडशेवर मी समाधान मानते. तेवढाही नसेल तर बॅकहँडच, पण उजवी कडा किंचित खाली, हट्टी डिस्क आणि उंची अगदी कमी. शेवटी ती डावीकडे कलेलच, पण तेव्हा जमीन जवळ असेल आणि वाऱ्याला तिला न्यायला वेळ मिळणार नाही.

निशाणा किती बाजूला धरायचा याचं सूत्र माझ्याजवळ नाही. पहिल्या दोन-तीन होलवर (होल म्हणजे एका बास्केटपर्यंतचा टप्पा) डिस्क किती वाहते ते बघते, त्या दिवसापुरतं तेच माप.

पाठीमागून वारा

इथे सगळे खूश होतात आणि फसतात. पाठीशी वारा म्हणजे लांब जाणार, असं वाटतं. डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली ती पाठीमागच्या वाऱ्यावरच. पण त्याच्या हातात वेग होता. आपल्या ४५मधून २० वजा होतात आणि डिस्कला तरंगायला हवाच पुरत नाही. ती लवकर डावीकडे वळते आणि दगडासारखी पडते.

म्हणून या एका वाऱ्यात दाराशी ठेवलेल्या त्या चौघींची मला आठवण येते. हलकी, मवाळ, तरंगण्याचा आकडा मोठा असलेली डिस्क घ्या. लेपर्ड घ्या, ६, ५, -२, १. एरवीपेक्षा उंच फेका आणि नाक किंचित वर चाललं तरी चालेल. डिस्क बास्केटपाशी पोचेल तेव्हा घसरत पुढे जाईल, हेही धरा. बास्केटमागे तळं किंवा उतार असेल तर मी मुद्दाम वीस-तीस फूट अलीकडे टाकते.

वारा बघायचा कसा

चिमूटभर गवत सोडून बघणं सगळ्यांना माहीत आहे. त्यातून फक्त आपल्या छातीपाशी वारा काय करतोय ते कळतं. डिस्क जाते वीस-तीस फूट उंचीवरून आणि पडते पार लांब. तिथलं बघा. तळ्यावर लहरी कुठे सरकतायत, कॉटनवुडच्या शेंड्याची पानं सळसळतायत की नुसती हलतायत, बास्केटजवळचं गवत किती वाकलंय. फ्लिंट हिल्समध्ये वसंतात माळ मुद्दाम जाळतात. त्या दिवसांत क्षितिजावरचा धूर बघून वाऱ्याची दिशा दोन मैलांवरून समजते, खोकला मात्र फुकट.

जुन्या शेतांच्या बांधावर इथे हेज ॲपलच्या झाडांच्या दाट रांगा असतात, गुरांना कुंपण म्हणून आणि वारा अडवायला लावलेल्या. रांगेच्या आडोशाला उभं राहिलं की वारा पडल्यासारखा वाटतो. आपण बेसावध फेकतो, आणि डिस्क रांगेच्या पलीकडे उघड्यावर गेली की तिला एकदम थप्पड बसते. आडोशाला असाल तर फेक उघड्यावरच्या वाऱ्याची करा, आडोशाची नाही.

वारा श्वास घेतल्यासारखा येतो-जातो. झोत ओसरायची वाट जरूर बघा, पण नियमाने आपली पाळी आल्यावर ३० सेकंदच मिळतात. मी पंधरा सेकंद बघते. ओसरला नाही तर वाऱ्याला धरूनच फेकते. शेवटच्या पाच सेकंदांत घाईने फेकलेल्या डिस्कचं काही खरं नसतं.

पटिंग

पट म्हणजे बास्केटजवळून साखळ्यांत टाकायची छोटी फेक. वाऱ्यात गुण जातात ते इथे. वीस फुटांवरून समोरच्या वाऱ्यात मी अलगद, वर उचलून पट केला. डिस्क साखळ्यांच्या वरून गेली, पलीकडे कडेवर उभी पडली आणि चाकासारखी उतारावरून साठ फूट घरंगळली. त्या होलला मला सात फेकी लागल्या. सोबतच्या आजोबांनी माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधली.

समोरचा वारा डिस्क उचलतो, म्हणून खालच्या साखळ्यांवर निशाणा. पाठीमागचा दाबतो, म्हणून वरच्या पट्टीकडे. बाजूच्या वाऱ्यात तोच नियम, वाऱ्याकडची कडा खाली. आणि पट अलगद तरंगवू नका. जरा जोराने, भरपूर फिरकी देऊन, सरळ रेषेत मारा. डिस्क हवेत जितका कमी वेळ, तितकं वाऱ्याला कमी काम. पाय कुस्तीच्या पवित्र्यासारखे फाकवून उभं राहिलं तर वारा तोल घालवत नाही. बास्केटपासून १० मीटरच्या आत पट केल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे झोतात एका पायावर डुलण्याला तसाही अर्थ नसतो.

पंचवीस फुटांच्या पुढे आणि वारा २५ मैलांच्या वर असेल तर मी पट करतच नाही. बास्केटच्या पायाशी सपाट सरकवते आणि पुढच्या फेकीत उचलून टाकते. बास्केट उंचवट्यावर असेल तर पंधरा फुटांवरूनही हाच विचार करते.

सराव सोपा आहे. एकच बास्केट, पाच पटर, वाऱ्याचा दिवस. वीस फुटांवर बास्केटभोवती गोल फिरत चार जागांवरून पाच-पाच मारा. त्याच वाऱ्यात तुम्हाला समोरचा, पाठीमागचा, डावा, उजवा असे चारही वारे मिळतात. अर्ध्या तासात कुठल्या वाऱ्यात आपला हात गडबडतो ते उघडं पडतं. माझा उजव्या वाऱ्यात गडबडतो, अजूनही.

बाकी किरकोळ. फडफडणारं जाकीट घालू नका, बाही हातात अडकते. वेणी घट्ट. कोरड्या वाऱ्यात बोटांची पकड सुटते, खिशात ओलसर रुमाल ठेवा. डिस्कच्या पिशवीसाठी चाकाची गाडी वापरत असाल तर ती आडवी करूनच फेकायला जा; माझी एकदा एकटीच तळ्याकडे निघाली होती. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, वाद नको. आणि गवतात हरवू नये म्हणून गुलाबी किंवा नारिंगी डिस्क घ्या, हिरवी कितीही सुंदर दिसली तरी.

डिस्कच्या पोटावर पक्क्या शाईच्या मार्करने फोन नंबर लिहा. पहिल्या एप्रिलमधली माझी एक डिस्क पुढच्या वर्षी जानेवारीत परत आली. मासे धरायला बसलेल्या एका माणसाच्या गळाला ती लागली. शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते, ते त्याने अंदाजाने लावून बघितले. माझ्याआधी चौघांनी त्याला चुकीचा नंबर म्हणून सांगितलं, असं तो म्हणाला.